गारिफुना : पाहुणा, प्रेक्षक आणि सहृदय

मध्य अमेरिकेच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, बेलीझपासून निकाराग्वापर्यंत, विखरून राहिलेल्या गारिफुना लोकांची भाषा, नृत्य आणि संगीत यांना युनेस्कोने सन २००१ मध्ये मानवजातीच्या मौखिक व अमूर्त वारशातील श्रेष्ठ कृती म्हणून गौरविले. त्या पहिल्याच यादीत केरळातील कूटियाट्टमचाही अंतर्भाव होता. एका यादीत शेजारी बसलेल्या या दोन परंपरांमध्ये एक मूलभूत अंतर आहे आणि आपल्या काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला ते चटकन जाणवेल. कूटियाट्टमला रंगमंडप आहे, नट आहे आणि त्या नटासमोर बसणारा, संकेतांची जाण असलेला प्रेक्षक आहे. त्याला गृहीत धरूनच त्यातील प्रत्येक मुद्रा घडत आली. गारिफुनांच्या बहुतेक कलाप्रकारांत असा प्रेक्षक मुळी कल्पिलेलाच नाही. तेथे गाणे हे कंद पेरणाऱ्याचे, होडी कोरणाऱ्याचे, मृताच्या घरी रात्र जागविणाऱ्या सोयऱ्यांचे आणि रुष्ट पूर्वजाची समजूत घालणाऱ्या कुळाचे आहे. मग बाहेरून आलेला मनुष्य या गाण्यासमोर येऊन उभा राहतो, तेव्हा तो नेमका कोण असतो?

गेल्या काही दशकांत हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. बेलीझमधील हॉपकिन्स आणि डँग्रीगा, ग्वाटेमालातील लिव्हिंग्स्टन, होंडुरासचे रोआतान बेट येथे प्रवासी येतात, ढोल ऐकतात, नाच पाहतात, कंदाची भाकरी भाजण्याची रीत शिकतात आणि ‘गारिफुना संस्कृतीचा अनुभव’ घेऊन परततात. अशा अनुभवाला सरसकट बाजारी ठरवून मोकळे होण्याची सुशिक्षितांना सवय असते. तिचा येथे फारसा उपयोग नाही. ही संस्कृती स्वतः पाहुण्याला कोठे बसविते, कोठवर येऊ देते आणि कोठे थांबविते, याचा शोध घेणे अधिक फलदायी आहे. या बाबतीत तिची व्यवस्था पुष्कळच स्पष्ट आहे. जुन्या मराठी घराला अंगण, ओसरी, माजघर आणि देवघर असे टप्पे असत आणि कोणाची पावले कोठे थांबावयाची हे कोणी न सांगता कळे. तशीच ती आहे.

तथापि या लोकांच्या दारी आलेल्या पहिल्या पाहुण्यांची हकीकत सुखावह नाही. गारिफुनांचे मूळ घर म्हणजे सेंट व्हिन्सेंट बेट. त्यांच्या भाषेत युरुमेइन. तेथील अरावाक व कॅरिब वंशाचे रहिवासी, आणि गुलामांची जहाजे फुटल्यामुळे किंवा शेजारच्या बेटांवरील मळ्यांतून पळ काढल्यामुळे तेथे पोचलेले आफ्रिकी, यांच्या मिश्रणातून सतराव्या-अठराव्या शतकांत हा समाज आकारास आला. जहाज फुटल्याचे साल कोणी १६३५ देतात, कोणी १६७५. सालापेक्षा महत्त्वाचे हे, की वंशाने बव्हंशी आफ्रिकी असूनही हा समाज मळ्यावर गुलाम म्हणून कधी राबला नाही. सन १७६३ च्या पॅरिसच्या तहाने बेट ब्रिटिशांकडे गेले. उसाच्या मळ्यांना जमीन हवी झाली आणि ती या लोकांच्या ताब्यात होती. १७६९ ते १७७३ आणि पुन्हा १७९५ ते १७९७ अशी दोन युद्धे झाली. दुसऱ्या युद्धाच्या आरंभीच, १४ मार्च १७९५ रोजी, त्यांचा नायक जोसेफ शातोये, ज्याला ते सातुये म्हणतात, मारला गेला.

त्याच वर्षी लंडनमध्ये या ‘काळ्या कॅरिबां’विषयी एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. सर विल्यम यंग हे नव्याने मिळालेल्या बेटांवरील जमिनींच्या विक्रीसाठी नेमलेल्या आयोगाचे प्रमुख होते. त्यांच्या मागे राहिलेल्या कागदपत्रांवरून तो सिद्ध करण्यात आला होता. त्यातील युक्तिवाद थोडक्यात असा, की बेटाचे खरे रहिवासी ते ‘पिवळे’ कॅरिब. काळे हे नंतर आलेले, त्यांनी मूळच्यांची जागा बळकावली, सबब भूमीवर त्यांचा अधिकार नाही. आगंतुकाने यजमानालाच आगंतुक ठरविले! परक्याने लिहिलेले वर्णन कोणत्या कामी येऊ शकते याचा हा नमुना ध्यानात ठेवण्याजोगा आहे. युद्ध संपता संपता चार हजारांहून अधिक माणसे बॅलिसो नावाच्या एका लहानशा, पाण्यावाचूनच्या बेटावर डांबण्यात आली. काही महिन्यांत त्यांपैकी सुमारे निम्मी रोगाने मेली. उरलेल्यांना जहाजांत घालून दूरवर नेण्यात आले आणि १२ एप्रिल १७९७ रोजी सुमारे दोन हजार माणसे होंडुरासच्या किनाऱ्यासमोरील रोआतान बेटावर उतरविण्यात आली. तेथून मुख्य भूमीवर त्रुहिय्यो येथे, आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने ग्वाटेमाला, बेलीझ आणि निकाराग्वा असा त्यांचा विस्तार झाला. आज न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस येथेही त्यांची मोठी वस्ती आहे.

या समाजाच्या घडणीचा सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज म्हणजे त्याची भाषा, आणि भाषांतरकाराला तर ती अक्षरशः खिळवून ठेवील. बोलणाऱ्यांची काया आफ्रिकेची, परंतु भाषेचा सांगाडा दक्षिण अमेरिकेतील अरावाक कुळाचा. आफ्रिकी भाषांचे शब्द तिच्यात अगदी मोजके. एकासाठी ‘गारिफुना’ आणि अनेकांसाठी ‘गारिनागु’ हे वचनभेदही तिच्याच व्याकरणातले. एक, दोन, तीन हे आकडे, आबान, बियामा, उरुवा, तिचे स्वतःचे. चारपासून पुढे मात्र गादुरु, सेइंगु, सिसी असे थेट फ्रेंचवरून आलेले. सेंट व्हिन्सेंटवर फ्रेंचांशी चाललेल्या देवघेवीची ही खूण आहे, आणि तीनपुढची मोजणी बहुधा या देवघेवीसाठीच लागत असावी असे वाटून जाते.

याहून विलक्षण गोष्ट म्हणजे स्त्रियांची आणि पुरुषांची बोली. ‘पुरुष’ या अर्थी पुरुष ‘वुगुरी’ म्हणतो, स्त्री ‘एयेरी’ म्हणते. ‘स्त्री’ या अर्थी पुरुषाचा शब्द ‘वुरी’, स्त्रीचा ‘हिन्यारु’. ‘मी’ म्हणतानादेखील पुरुष ‘औ’ म्हणतो आणि स्त्री ‘नुगुया’. पुरुषांचे शब्द कॅरिब भाषेतले, स्त्रियांचे अरावाक. फ्रेंच धर्मोपदेशक रेमों ब्रेतों याने सतराव्या शतकात डोमिनिका बेटावर राहून तेथील कॅरिबांच्या भाषेचा कोश केला. तो १६६५ मध्ये छापला गेला आणि त्यातही हा भेद नोंदलेला आहे. कॅरिब योद्ध्यांनी अरावाक पुरुषांना मारून त्यांच्या स्त्रिया केल्या, म्हणून आईची भाषा एक आणि बापाची दुसरी, ही जुनी उपपत्ती सर्वपरिचित आहे. अलीकडचे भाषाशास्त्रज्ञ व्यापारासाठी आणि युद्धासाठी पुरुषांनी उचललेल्या मिश्र बोलीचा तो अवशेष मानतात. आज अशा जोड्यांपैकी थोड्याच उरल्या आहेत. परंतु व्याकरणात एक चमत्कार शिल्लक आहे. ‘दिवस’, गारिफुनात ‘वेयु’, यासारखे अमूर्त नाम स्त्री बोलत असता पुल्लिंगी होते आणि पुरुष बोलत असता स्त्रीलिंगी. म्हणजे ‘तो दिवस’ म्हटले की बोलणारी स्त्री आहे आणि ‘ती दिवस’ म्हटले की पुरुष, हे ऐकणाऱ्यास कळते. मराठीत लिंग नामाला चिकटलेले असते. येथे ते बोलणाऱ्याशी बांधलेले आहे. गारिफुना गीताचे भाषांतर करणाऱ्याला गाणारा कोण हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरविल्यावरही मराठीत, इंग्रजीत वा स्पॅनिशमध्ये त्याची खूण ठेवण्यास जागा सापडत नाही.

पाहुण्याच्या कानी यातले फार थोडे येते. सकाळचे ‘बुइती बिनाफी’, आभाराचे ‘सेरेमेइन’, एवढ्यावर त्याचे काम भागते. बेलीझमधील तरुण एकमेकांशी क्रिओल किंवा इंग्रजी बोलतात, होंडुरास-ग्वाटेमालातील स्पॅनिश. ई. रॉय कायेतानो यांच्या संपादनाखाली १९९३ मध्ये लोकांसाठी म्हणून तयार झालेला गारिफुना कोश, किंवा डँग्रीगात २००७ मध्ये सुरू झालेली, गारिफुना भाषेलाही स्थान देणारी गुलिसी प्राथमिक शाळा, हे प्रयत्न पाहुण्यांसाठी केलेले नाहीत. ते घरच्यांसाठीच करावे लागले.

अंगणात मात्र पाहुण्याचे स्वागत मोकळ्या मनाने होते, आणि त्यातही विशेष हे, की त्याला बसू दिले जात नाही. एरेबा ही कडू कसाव्याच्या कंदाची पातळ, कडक भाकरी हा गारिफुनांच्या अन्नाचा आधार. ‘गारिफुना’ या नावाचा अर्थच ‘कसावा खाणारे’ असा सांगण्याची प्रथा आहे. या कंदात विष असते. तो सोलून ‘एगी’वर, म्हणजे बारीक दगडांचे दात बसविलेल्या लाकडी फळीवर, किसावयाचा, कीस ‘रुगुमा’त भरावयाचा. रुगुमा ही वेताच्या विणकामाची लांबलचक नळी. ती टांगून खालच्या टोकाला भार दिला, की लांबत जाते, अरुंद होते आणि कंदातला विषारी रस पिळून निघतो. मग वाळलेला चुरा ‘हिबिसे’ नावाच्या चाळणीतून चाळून रुंद लोखंडी तव्यावर भाजावयाचा. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची ही विद्या आफ्रिकेतून आलेल्यांनी आत्मसात केली आणि हद्दपारीनंतर ती नव्या किनाऱ्यावर पुन्हा उभी केली. हे सारे काम बायका मिळून करतात. पाहुणा आला, की त्याच्या हाती एगी दिली जाते; थोड्या वेळात त्याच्या बोटांची सालटे निघतात आणि बायका हसतात. हुदुत करताना केळी कुटण्यासाठी मोठ्या उखळातले मुसळही असेच त्याच्या हाती येते. कामाबरोबर चालणाऱ्या गाण्यांचे शब्द त्याला कळत नाहीत, पण ताल कळतो, कारण तो तालातच राबत असतो. जात्यावरची ओवी सभागृहात ऐकणारा आणि जात्याचा खुंटा धरून ऐकणारा यांच्या ऐकण्यात जो फरक, तो येथे पाहुण्याला अनायास मिळतो.

ढोलाचेही तसेच. एकसंध लाकूड पोखरून, त्यावर कातडे ताणून आणि कातड्यावरून तारा ओढून हे ढोल घडतात. त्या तारांनी ध्वनीला एक झणझणीत कंप येतो. ‘सेगुंदा’ हा खर्जाचा ढोल ठेका धरून ठेवतो, ‘प्रिमेरा’ त्यावर मोकळेपणी खेळतो. हॉपकिन्समध्ये ढोलवादन शिकविणारे आहेत आणि ते प्रामाणिकपणे शिकवितात. ठेका गुप्त नाही. गुप्त आहे ते तो कोणासाठी वाजवावयाचा, हे.

नाताळपासून ६ जानेवारीपर्यंतच्या दिवसांत होणारे वानारागुआ हे नृत्य पाहिले, की ढोल आणि नर्तक यांचे नाते ध्यानात येते. तारेच्या जाळीवर गोरा चेहरा रंगविलेला मुखवटा, डोक्यावर उंच शिरोभूषण, अंगावर काहीशी बायकी वाटणारी वस्त्रे आणि गुडघ्यांना बांधलेले शिंपल्यांचे घोस असा पुरुषांचा वेष. ते घरोघर जाऊन नाचतात. येथे ढोल नर्तकाला नाचवीत नाही. नर्तकाच्या पावलांवर डोळा ठेवून प्रिमेरा वाजविणाऱ्याने त्याच्या मागोमाग जावयाचे असते. पाऊल चुकविणारा नर्तक आणि न चुकणारा ढोलकी यांची ती झुंज असते. या वेषाविषयी एक कथा सांगतात, की सेंट व्हिन्सेंटवर योद्धे बायकांच्या वेषात शत्रूच्या गोटात शिरले होते. कथा खरी असो वा नसो, गोऱ्या मळेवाल्याची आणि शिपायाची टवाळी त्या हालचालींत उघड आहे. रस्त्याच्या कडेला उभे राहून छायाचित्रे घेणाऱ्या गोऱ्या प्रवाशांना तो मुखवटा कोणाच्या तोंडावरून घेतला हे नेहमी उमगतेच असे नाही.

बेलीझमध्ये १९ नोव्हेंबर हा ‘वसाहत दिन’. थॉमस व्हिन्सेंट रामोस या होंडुरासमध्ये जन्मलेल्या आणि डँग्रीगात स्थायिक झालेल्या गृहस्थाने १९४१ मध्ये तो सुरू केला. १९७७ पासून ती साऱ्या देशाची सुटी आहे. सन १८३२ मध्ये आलेज्यो बेनी याच्या नेतृत्वाखाली एक तांडा डँग्रीगाच्या किनाऱ्याला लागला, त्याची ही स्मृती. वस्तुतः गारिफुना बेलीझमध्ये त्यापूर्वी तीस वर्षे तरी येऊन राहिलेले होते. परंतु उत्सवाला एक दिवस लागतो आणि एक होडी लागते. पहाटे होड्या समुद्रातून येतात. त्यांत केळीचे घड, कसाव्याची रोपे, हिरव्या फांद्या आणि ढोल. किनाऱ्यावर लोक वाट पाहत असतात. उतरणाऱ्यांना घेऊन गात गात मिरवणूक चर्चला जाते आणि गारिफुना भाषेत प्रार्थना होते. पाहुण्याला येथे आपोआप एक भूमिका मिळते. तो किनाऱ्यावर उभा असतो, म्हणजे उतरून घेणाऱ्यांत असतो. ज्यांना एका किनाऱ्यावरून हाकलले, त्यांना दुसऱ्या किनाऱ्यावर उतरू देणाऱ्यांच्या जागी क्षणभर उभे राहणे, एवढे तरी हा दिवस त्याच्याकडून करवून घेतो.

ओसरीवर आले, की गोष्ट अवघड होते. गारिफुना म्हटले, की प्रवाशाला पुंता हे नृत्य आठवते. भरभर हलणारी कंबर, जवळजवळ स्थिर असलेले वरचे अंग, एका स्त्रीचा आणि पुरुषाचा सामना; उपाहारगृहांच्या गच्चीवर ते रोज संध्याकाळी पाहावयास मिळते. या नृत्याचे जुने स्थान मृताच्या घरी आहे. कोणी वारले, की नऊ रात्री प्रार्थना चालतात आणि शेवटच्या रात्री ‘बेलुरिया’ होते. सोयरे आणि शेजारी जमतात, रम आणि कॉफी फिरते, म्हातारे ‘उरागा’ म्हणजे गोष्टी सांगतात, पत्त्यांचे डाव पडतात आणि अंगणात पुंता चालते. गाणी बायकांनी रचलेली. त्यांत फसविणाऱ्या नवऱ्याची तक्रार असते, शेजारणीला टोमणा असतो, परदेशी गेलेल्या मुलाचे पत्र न आल्याचे दुःख असते. शब्द असे जड आणि ताल असा उसळता, हा विरोध हेच पुंतेचे मर्म. मेलेल्याला आनंदाने निरोप द्यावयाचा, आणि जो वंश एका माणसाने उणा झाला त्याच्या पुढच्या वाढीची ग्वाही शरीराने द्यावयाची. गच्चीवरच्या प्रयोगात शब्द कोणाला कळत नाहीत आणि मृतही कोणी नसतो. उरते ती कंबर.

तरीही नव्या रूपांना दोष देण्याची घाई करू नये. सन १९८० च्या सुमारास डँग्रीगाच्या पेन कायेतानो या चित्रकार-गायकाने कासवाच्या पाठीचे वाद्य आणि विजेची गिटार घेऊन ‘पुंता रॉक’ हा प्रकार काढला. जाणत्यांनी नाके मुरडली असतील. पण भाषा सोडू लागलेल्या पोरांच्या तोंडी तिचे शब्द पुन्हा आले ते त्यामुळे. त्याच सुमारास, १९८० मध्ये, बेलीझच्या बरँको गावचा अँडी पालासिओ हा तरुण साक्षरता मोहिमेसाठी निकाराग्वात गेला. तेथील गारिफुनांत भाषा बोलणारे थोडे वृद्धच उरले असल्याचे त्याने पाहिले. आपल्याच लोकांत पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला आपल्या गावाचे उद्याचे चित्र दिसावे, असा तो प्रसंग. पुढे त्याने २००७ मध्ये ‘वातिना’ हा ध्वनिमुद्रित गीतसंग्रह काढला; नावाचा अर्थ ‘मी हाक मारली’. पुंता रॉकच्या गतीपासून तो मुद्दाम दूर गेला आणि त्याने वृद्ध गायकांना बरोबर घेतले. जगभर त्याचे कौतुक झाले. जानेवारी २००८ मध्ये तो अकाली वारला.

त्या वृद्धांपैकी पुंता गोर्दा गावचा पॉल नाबोर याच्या चरित्रात या लेखाचा सारा प्रश्न साठवलेला आहे. पारांदा हा गिटारीवर गायचा, एकट्याच्या मनोगताचा प्रकार. नाबोर त्याचा अखेरच्या थोर गायकांपैकी एक. ‘नागुया नेइ’ हे त्याचे प्रसिद्ध गीत त्याने मरणोन्मुख बहिणीच्या सांगण्यावरून, तिच्या अंत्ययात्रेत गाता यावे म्हणून, रचले. तेच पुढे परदेशांतील रंगमंचांवर गेले आणि शब्द न कळणाऱ्या श्रोत्यांनी त्याला दाद दिली. ही दाद चुकीची म्हणता येणार नाही. मरणाऱ्या बहिणीचे दुःख गीतात आले तेव्हाच ते एका बहिणीचे राहिले नव्हते; आपल्याकडील आचार्य ज्याला साधारणीकरण म्हणतात ते तेथे घडले होते, आणि म्हणून दूर देशीचा सहृदय त्याचा वाटेकरी होऊ शकला. पण हाच नाबोर आपल्या गावात बुयेइ, म्हणजे पूर्वजांशी बोलणारा पुरोहित होता. २०१४ मध्ये त्याचे निधन झाले. एकाच कंठातून निघणारी काही गाणी जगासाठी होती आणि काही एका घरासाठी. त्याला त्यात विसंगती वाटली असेल असे दिसत नाही.

ते घर म्हणजे दाबुयाबा, पूर्वजांचे मंदिर. आणि त्यातला सर्वांत मोठा विधी दुगू. घरात आजार हटत नाही, अपयश पाठ सोडत नाही, मृत आजी किंवा आजा पुनःपुन्हा स्वप्नात येतो. मग बुयेइ पूर्वजांना विचारून सांगतो, की अमक्याची उपेक्षा झाली आहे. पूर्वजाची मागणी लहान असली तर स्नान घालावयाचे, त्याहून मोठी असली तर ‘चुगू’ हे एक दिवसाचे भोजन, आणि सर्वांत मोठी असली तर कित्येक दिवस चालणारा दुगू. त्याला वर्ष-वर्ष तयारी लागते आणि पैसाही फार लागतो. न्यूयॉर्कहून, लॉस एंजेलिसहून नातेवाईक रजा काढून येतात. काही जण आधी समुद्रातील लहान बेटांवर मासे आणि खेकडे आणावयास जातात आणि सूर्योदयाला होड्यांनी परततात. तीन ढोल अखंड वाजतात. मधला तो ‘हृदयाचा ढोल’. बायका शेंदरीच्या बियांनी रंगविलेल्या वस्त्रांत नाचतात, आणि नाचता नाचता कोणाच्या अंगात तो पूर्वज येतो. ‘माली’च्या वेळी ढोलवाले आणि बुयेइ सर्वांसह फेर धरतात, ढोल भूमीपर्यंत झुकतात आणि रुष्टाची समजूत घातली जाते. धर्मोपदेशकांनी याला सैतानाची पूजा म्हटले. डग्लस टेलर याने १९५१ मध्ये ब्रिटिश होंडुरासमधील, म्हणजे आजच्या बेलीझमधील, या समाजावर लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे अन्य अभ्यासकांचीही पुस्तके आली आणि बाहेरच्या जगाला या विधीतली सुसंगती कळू लागली.

दुगूत घरच्यांच्या अनुमतीशिवाय परका येत नाही, आणि आलाच तर त्याला पाहत बसण्याची मुभा नसते. या निर्बंधामागे गूढतेची हौस नाही. साधारणीकरणात ‘हे माझे’, ‘हे परक्याचे’ ही जाणीव गळून पडावी लागते. तिच्यावाचून रस निष्पन्न होत नाही, असे अभिनवगुप्त सांगतो. दुगूला नेमके उलट हवे असते. येणारा पूर्वज ‘कोणी एक’ पूर्वज नसतो. तो या घराचा, या नावाचा, या सवयीचा असतो, आणि तो आपला आहे ही जाणीव क्षणभरही सुटता कामा नये. ती सुटली, तर जे उरेल ते नाट्य होईल, आणि नाट्याने आजारी मूल बरे होत नाही. म्हणून येथे उत्तम रसिकालाही जागा नाही. त्याची रसिकताच येथे अडचण ठरते. अभ्यासकांची वर्णने वाचताना याचा प्रत्यय येतो. वर्णन जितके सुंदर, तितके ते लिहिणारा दाराबाहेर असल्याचे सांगते.

या दोहोंच्या मध्ये बायकांचे आबेइमाहानी येते. ढोल नाही, बायका ओळीने उभ्या राहतात, शेजारणीच्या करंगळीत करंगळी गुंतवितात आणि झुलत गातात. पुष्कळ गीते स्वप्नात पूर्वजांनी दिली असे त्या सांगतात, आणि तरी अमके गीत अमकीचे हे गावाला ठाऊक असते. कर्तृत्व आणि प्राप्ती यांत आपण जी भिंत उभी करतो ती तेथे नाही. हा प्रकार विरळ होत चालला आहे. करंगळी गुंफलेल्या त्या ओळीत पाहुण्याला उभे राहता येत नाही, आणि समोर बसून पाहण्याजोगे तेथे फारसे काही घडत नाही, म्हणून रंगमंचानेही तो उचलला नाही.

संस्कृतीचा आस्वाद आणि भूमीचा ताबा यांचे जुने नाते मात्र १७९५ मध्येच संपले असे म्हणवत नाही. होंडुरासच्या तेला उपसागराच्या काठी त्रिउन्फो दे ला क्रुस हे गारिफुनांचे गाव आहे. त्यांच्या सामाईक जमिनी पर्यटनाच्या योजनांसाठी परक्यांच्या हाती गेल्या. आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने २०१५ मध्ये या गावाच्या आणि पुंता पिएद्रा या दुसऱ्या गावाच्या सामाईक मालमत्तेच्या हक्काचा भंग झाल्याबद्दल होंडुरास राज्याला जबाबदार धरले. त्यानंतरही, जुलै २०२० मध्ये, त्रिउन्फोतील जमिनीच्या लढ्यातले कार्यकर्ते घरांतून पळविण्यात आले. कसावा पेरावयास जमीन नसेल तर एरेबा कशाची करावयाची, आणि ती केली नाही तर एगीवरचे गाणे कोठून येणार, हा तेथील लोकांचा सरळ प्रश्न आहे. किनाऱ्यावर नाच पाहणाऱ्याने आपण उतरलो ती जागा पूर्वी कोणाची होती एवढे विचारले, तरी त्याच्या आस्वादाला बाध येणार नाही.

आणि गारिफुना स्वतःही आता पाहुणे होऊन जातात, युरुमेइनला. सेंट व्हिन्सेंटमध्ये हद्दपारीतून सुटलेल्यांचे वंशज आहेत, परंतु तेथे भाषा विसाव्या शतकापर्यंत लोपली. ढोल आणि गाणी गेली. २००२ मध्ये त्या देशाने शातोयेला आपला पहिला राष्ट्रीय वीर घोषित केले आणि १४ मार्च हा सुटीचा दिवस झाला. त्या सुमारास बेलीझहून, होंडुरासहून आणि न्यूयॉर्कहून गारिफुना येतात. ते तेथील मुलांना शब्द शिकवितात, ठेका शिकवितात; ज्या बेटाने ही संस्कृती दिली त्याला ती परत नेऊन देतात, आणि तेथे त्यांना परदेशी म्हणून पारपत्र दाखवावे लागते. मग होड्या बॅलिसोकडे निघतात. निर्मनुष्य बेट, काटेरी झुडपे, कोठे काही खूण नाही. उतरलेली माणसे ढोल ठेवतात, मृतांसाठी प्रार्थना करतात आणि गातात. येथे पाहणारे कोणी नसते. कधी चित्रपटकार बरोबर असतात. २०१४ मध्ये निघालेल्या एका माहितीपटात अशा भेटीचे चित्रण आहे. त्यात काही माणसे वाळूवर बसून रडतात, आणि ढोल वाजत राहतो.